सरांचे ब्याऐंशी किलो

झिपलाइनच्या टोकावर, दरीकडे तोंड करून उभ्या टेकवडे सरांचा पट्टा आवळता आवळता तिथली कामावरची पोरगी म्हणाली, "काका, फॉर्मवर ब्याऐंशी किलो लिहिलंय. बरोबर ना? पलीकडचा ब्रेक त्याच आकड्यावर लावलाय."

सरांचं खरं वजन होतं सत्त्याण्णव.

"थोडं जास्त निघालं तर?"

"समोरचा वड दिसतोय ना?"

मागं रांगेत सरांची दहावीची जुनी बॅच उभी होती, सगळे आता पन्नाशीतले. सहलीला सरांना त्यांनीच आणलं होतं. हातचा एक विसरला म्हणून सरांनी यांच्यातल्या निम्म्यांना बाकावर उभं केलेलं.

"सर, घाबरलात की काय?" त्यांच्यातली मालन हसली. "गणित तर तुमचंच आहे."

वड फारच जाडजूड होता.

"सत्त्याण्णव," सर पुटपुटले.

"ऐकू नाही आलं, काका."

"सत्त्याण्णव गं बाई, सत्त्याण्णव."

आता खिदळतील म्हणून सरांनी डोळे गच्च मिटले. मग मालन हळूच पुढं सरकली.

"अगं, माझा फॉर्म जरा परत दे."

तिच्यामागं अख्खी बॅच पेन शोधत होती.