मशीनचा आवाज

"रिकामं मशीन फिरतंय, वहिनी," हिशेबनीस दारातूनच म्हणाला. "वीज काय नळाला येते?"

कपडे वाळवायचं ते मोठं मशीन. त्याच्या दाराची कडी सैल झाली होती, म्हणून दाराला स्टूल टेकवून ठेवलं होतं. हिशेबनीसाने स्टूल ओढलं, मशीन कण्हत थांबलं आणि त्याच स्टुलावर तो बसला.

इस्पितळाच्या चादरी धुणारी ही लाँड्री. बाकीच्या बायका घरी गेल्या होत्या. वहिनी शेवटच्या चादरीवर इस्त्री फिरवत होत्या, पण तिच्यावर आता सुरकुती शोधून काढावी लागली असती.

हिशेबनीसाला त्याच्यामागे सगळे बेरीजबुवा म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. माणूस खोलीबाहेर पडला की हा आत जाऊन दिवा मालवणार, साबणाचा रिकामा डबा विसळून त्याच पाण्यात एक फेरी धुवून घेणार. आज मात्र तो चक्क कुणाचं तरी भलं करायला आला होता. ओव्हरटाइममधून एक माणूस कमी करा, असं वरून आलं होतं. असल्या कामात एरवी कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. बेरीजबुवांनी सगळ्यांचं मांडून पाहिलं, तर एक नाव असं निघालं की त्याला साधा ओरखडाही उठत नव्हता. साप मरणार होता आणि काठीही शाबूत राहणार होती.

"हे बघा," तो म्हणाला, "जादा कामाचे तुम्हाला जे मिळतात, ते जसेच्या तसे त्या मावशीला जातात. दिवसा ती असतेच, पण संध्याकाळनंतरही घरी दादांजवळ थांबते म्हणून. बरोबर? मग तुम्हीच वेळेवर घरी गेलात तर मावशीने थांबायलाच नको. उरतं तेवढंच, म्हणजे भोपळा. शिवाय पायांना आराम. शिवाय नवऱ्याजवळ राहाल."

"दुसरं शिवाय वर फुकट का, भाऊजी?"

"थट्टा नाही. दादांना विसरायला होतं, अशा वेळी घरचं माणूस जवळ पाहिजे. सोमवारपासून तुमचा ओव्हरटाइम बंद करतो. आभार नकोत."

वहिनींनी आभार मानले नाहीत. चादरीची घडी घातली, तिच्यावरून हात फिरवला.

"मागे मावशी आजारी पडली होती. मी एक दिवस घरी राहिले होते."

"आठवतंय. बिनपगारी."

"तुम्हाला तेच आठवणार." त्यांनी इस्त्री उभी केली. "सकाळी चहा दिला, तर म्हणाले, बसा बाई, आमची ही येईलच एवढ्यात. म्हटलं, अहो, मीच ही. तर कप खाली ठेवून हात जोडले मला. म्हणाले, असली चेष्टा नको, ही रागावेल. मग दिवसभर दाराशी बसून. जेवले नाहीत. दिवेलागणीला रडायला लागले, ही गेली कुठे ते मला कुणी सांगत नाही म्हणून. मी समोर उभी. काय सांगणार?"

हिशेबनीसाने चष्मा काढला. पुसायला काही मिळेना, तेव्हा तसाच परत लावला.

"मावशीचं बरं आहे," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी विचारलं की ती सांगते, कामावर गेल्यात. खरंच असतं ते. मग निवांत जेवतात. मी इथं असले की त्यांची बायको कामावर असते, भाऊजी. मी घरी गेले की ती कुठेच नसते."

"म्हणून तुम्ही..."

"ते झोपले की शिरते घरात. उठायच्या आत बाहेर. चोर बरा, तो निदान दुसऱ्याच्या घरात शिरतो."

हिशेबनीस हसला नाही. पण बेरीज अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. "आणि रोज या वेळेला फोन येतो तो?"

"त्यांचाच. मावशी लावून देते. फोनवर ओळखतात मला. आवाज तोच राहिलाय ना. चेहऱ्याचं काय, ते कुणा तरण्या बाईची वाट बघतायत."

"मग फोन बाहेर बाकावर बसूनही घेता येईल. त्यासाठी इथं राबायला कशाला हवं?"

"घेतला होता एकदा. म्हणाले, मागे मशीनचा आवाज नाही. तू कामावर नाहीस. खरं सांग, कुठे आहेस? मावशीला रात्र जड गेली त्या दिवशी."

हिशेबनीसाने बुडाखालच्या स्टुलाकडे पाहिलं.

तेवढ्यात एप्रनच्या खिशात फोन वाजला. वहिनींनी तो काढला, पण उचलला नाही. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा थांबलेल्या मशीनकडे. इस्त्रीच्या टेबलावर आता काहीच उरलं नव्हतं.

फोन वाजत राहिला.

हिशेबनीस उठला. स्टूल लावायला वेळ नव्हता, म्हणून त्याने मशीनच्या दाराला खांदाच लावला आणि बटण दाबलं. रिकामा ड्रम घरघरायला लागला, त्याच्याबरोबर बुवांचा चष्माही थरथरू लागला. वर काय सांगायचं, ते त्याला अजून सुचलं नव्हतं.

"हॅलो," वहिनी जरा मोठ्याने म्हणाल्या. "अहो, हो, कामावरच. आज खूप चादरी आल्यात. तुम्ही जेवून घ्या."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच."