नमुन्याची पेशंट

"मामा, कॉम्प्युटरमध्ये फक्त तीन गोष्टी बदलणार," भाची म्हणाली. "एक नवा युजर तयार होईल. त्याची माहिती ठेवायला एक वेगळी जागा तयार होईल. आणि कॉम्प्युटर चालू केला की हे सॉफ्टवेअरही आपोआप चालू होईल. बाकी कशालाही हात लागणार नाही. तुमचा पत्त्यांचा डाव जिथल्या तिथे."

"म्हणजे पोटभाडेकरू ठेवतेयस," डॉक्टर म्हणाले. "सगळे आधी असंच म्हणतात, एका कोपऱ्यात पडून राहीन."

"भाड्याचा प्रश्न नाही, फुकट आहे. ओपन सोर्स. आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं."

"आमच्यात त्यासाठी आधी पेशंटची सही घेतात."

एरवी भाची हसली असती. आज ती पडद्याकडे बघत राहिली.

दुपारची वेळ होती, दवाखान्याचा बाक रिकामा होता. गेल्या महिन्यात शिवणकाम करणाऱ्या बाईंना डॉक्टरांनी जे इंजेक्शन दिलं, ते आपल्याला चालत नाही हे बाईंनी फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं. बाई वाचल्या. हॉस्पिटलातून घरी आल्यावर दवाखान्यात येऊन, "मीच आठवण करून द्यायला हवी होती," म्हणून उलट माफी मागून गेल्या. त्या दिवसापासून डॉक्टरांच्या तोंडाची चव गेली. भाचीने मग दोनच वाटा ठेवल्या: एक तर हे सॉफ्टवेअर बसवायचं, म्हणजे न चालणारं औषध लिहिलं की ते लाल अक्षरांत ओरडेल, नाहीतर दवाखान्याला कुलूप. डॉक्टरांनी ओरडा पत्करला. पेशंटांच्या नातेवाइकांचे ओरडे त्यांनी जन्मभर ऐकून घेतले होते; त्यांत आणखी एक सहज खपून गेला असता.

"झालं," भाची म्हणाली. "आता ही नावं दिसतायत ना, ती खरी नाहीत हं. नमुन्याचे पेशंट आहेत. बनवणाऱ्यांनीच घालून ठेवलेत, आपला हात बसावा म्हणून."

"कळलं."

"मी चहा घेऊन येते. तोवर उघडून बघा." दारातून ती परत वळली. "नमुन्याचे आहेत, लक्षात आहे ना?"

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

डॉक्टर खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पहिलं नाव उघडलं. मधुमेहाची बाई. पायांवर सूज. दर तपासणीला किडनी थोडी थोडी खालावलेली, आणि गुडघ्यांसाठी रोज दोन वेळा दुखण्यावरची गोळी चालूच. डॉक्टर ताठ झाले. कुठल्या शहाण्याने लिहून दिली ही गोळी? त्यांनी मागचे रिपोर्ट उघडले, पुढचे उघडले, सगळे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. शंकाच नको. ती गोळी बाईंच्या किडनीचा घास घेत होती आणि त्या बिचाऱ्या गुडघे जरा बरे म्हणून खूश असणार. गेल्या कित्येक दिवसांत डॉक्टरांचं डोकं इतकं लख्ख चाललं नव्हतं. त्यांनी फोन उचलून नंबर फिरवला. असा नंबर अस्तित्वात नाही, असं एका गोड आवाजाने सांगितलं. त्यांनी नीट बघून परत फिरवला.

भाची दोन कप घेऊन आली तेव्हा डॉक्टरांची बॅग टेबलावर भरून तयार होती आणि ते एका पायात बूट चढवून दुसरा शोधत होते.

"कुठे निघालात?"

"हिच्याकडे. फोन लागत नाही. पत्ता कुणी लिहिलाय कोण जाणे, नुसता घरनंबर! गल्ली कुठली, तुला माहितीये का?"

भाचीने पडद्याकडे पाहिलं. कप सावकाश खाली ठेवले.

"मामा, ही बाई नाहीये."

"आहे गं, अजून आहे. म्हणून तर घाई करतोय."

"तसं नाही. मुळातच नाहीये. नमुन्याची आहे ती."

डॉक्टर एका बुटावर उभे राहिले. "मग हे मला आधी सांगायचं नाहीस होय?"

भाची काही बोलली नाही. रिपोर्ट वाईट आला की नातेवाइकांसमोर डॉक्टर स्वतः असेच गप्प बसत. ती गप्प बसण्याची तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती.

"सांगितलं होतंस?"

"हो."

"कधी?"

"मघाशी. आणि जाताना परत एकदा."

डॉक्टर खाली बसले. बुटाची नाडी सोडायला त्यांना वेळ लागला.

"निदान बरोबर होतं पण माझं," ते म्हणाले.

"अगदी बरोबर होतं, मामा."

चहावर साय धरली. भाचीने खुर्ची ओढून घेतली. "ही नमुन्याची नावं काढून टाकू का सगळी?"

"आधी तिची ती गोळी बंद कर. मग काढ."

भाचीने गोळी बंद केली. मग नावं काढली. पडदा पांढरा झाला.

"आता आपलं खरं काम," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणून तुमचं नाव घालते."

"तिथे नको. पेशंटमध्ये घाल."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते बॅगेतून स्टेथोस्कोप काढून त्याची गुंडाळी करत होते. तिने नाव घातलं. वय घातलं, ते तिला पाठ होतं.

"तक्रार?"

"सांगितलेलं राहत नाही, असं लिही."

तिने लिहिलं. खाली आणखी एक रिकामी चौकट उघडली. त्यातला प्रश्न तिने वाचून दाखवला, "कधीपासून?"

"ते तू सांग," डॉक्टर म्हणाले.