चौथं शील

शिबिराच्या पाचव्या दिवशी सकाळपासून सम्यकचं ध्यानात लक्ष नव्हतं. तसं ते पहिल्या दिवसापासूनच नव्हतं, पण आज त्याने डोळे मिटायचं सोंगही सोडून दिलं होतं. नुकतंच भादरलेलं डोकं खाजत होतं, चीवर खांद्यावरून सारखं घसरत होतं आणि नजर विहाराच्या फाटकाकडे लागली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराने दहा दिवसांपुरता भिक्खू, श्रामणेर होऊन बसायचं म्हणजे काही खायचं काम नाही. त्यात मोबाइल कपाटात कुलूपबंद.

"काय सारखं फाटकाकडं बघायलास?" शेजारी बसलेला सत्यम पुटपुटला. तो त्याच्याच कॉलेजातला.

"आजी येणारे. खीर घेऊन."

शिबिराची हौस सम्यकची नव्हतीच, त्याच्या आजीची होती. नातवाला एकदा चीवरात बघायचं, एवढंच गोजरबाईचं मागणं. निघायच्या दिवशी तिला ताप होता, धाप लागत होती. तो थांबतो म्हणाला तर ती खेकसली, "दहा दिवस पुरे करून ये. मी कुठं जात नाय. पाचव्या रोजी आपल्या गल्लीचं भोजनदान हाय, तव्हा खीर घेऊन येते का नाय बघ!" तेव्हापासून ती धाप त्याच्या कानातून गेली नव्हती. श्वासावर लक्ष ठेवा, असं शिबिर घेणारे भंते सांगायचे आणि सम्यकला आजीचाच श्वास ऐकू यायचा.

साडेदहाला उस्मानपुऱ्याच्या, त्याच्या गल्लीतल्या बायका रिक्षांतून उतरल्या. पांढऱ्या साड्या, हातात डबे, पिशव्या. खिरीचं पातेलं सम्यकच्या आईच्या हातात होतं. आजी कुठेच दिसत नव्हती.

आईने पातेलं खाली ठेवलं आणि गुडघे टेकून त्याला तीनदा वंदन केलं. चीवरातल्या माणसाने उलट वंदन करायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. तो अवघडून उभा राहिला.

"आई, आजी?"

"बरी हाय, भंते." पोटच्या पोराला ती भंते म्हणते याचं एरवी त्याला हसू आलं असतं. "गुडघे धरलेत. रिक्षात चढता येईना."

"आन् धाप?"

"बरी हाय म्हणलं ना तुमाला." ती पातेल्याचं झाकण नीट बसवायला लागली. झाकण नीटच बसलेलं होतं.

सम्यकने बाकीच्यांकडे पाहिलं. एकीने पदर सावरला. दुसरी लांबवर मकबऱ्याच्या घुमटाकडे बघत राहिली, जणू जन्मात पहिल्यांदाच बघत होती. एरवी या बायका त्याला बघताच हाका मारून गल्ली डोक्यावर घ्यायच्या.

सगळे आत जाऊन बसले. जेवणाआधी पंचशील. श्रामणेराने एकेक ओळ सांगायची आणि उपासकांनी ती मागून म्हणायची. रोज एकाचा नंबर लागायचा.

"आज सम्यक देतील," भंते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

सम्यकने घसा साफ केला. हिंसा न करण्याचं पहिलं शील त्याने सांगितलं, बायकांनी एका सुरात म्हटलं. चोरी न करण्याचं दुसरं. मग तिसरं. आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. रोज संध्याकाळी घरी ती याच आवाजात म्हणायची, ऐकून ऐकूनच तर त्याला पाली पाठ झाली होती.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि." खोटं बोलण्यापासून दूर राहीन.

मागून आवाज आला नाही. दोघीतिघींनी सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडली.

आपलंच काही चुकलं असेल असं वाटून त्याने ओळ पुन्हा म्हटली, सावकाश. पंखा तेवढा कुरकुरत होता. आईचे हात जोडलेले होते, ओठ उघडलेले होते, पण त्यातून शब्द फुटत नव्हता. तिच्या मागे सगळी गल्ली खाली मान घालून बसली होती.

"पुढचं घे," सत्यम कुजबुजला.

सम्यकने पुढचं घेतलं नाही.

"कव्हा?" त्याने विचारलं.

भंत्यांनी डोळे उघडले.

"परवा," आई म्हणाली. "पहाटं. त्याला मधातून उठवून आणू नका, खीर तेवढी पोचती करा, म्हणल्या. शेवटचं तेवढंच बोलल्या."

मागे कुणीतरी हुंदका दिला. सम्यकला पळत सुटायचं होतं, फाटकाबाहेर, थेट घरापर्यंत, आणि पाय जागचे हलत नव्हते. त्याला आईचा संताप आला. कुठं जात नाय म्हणणाऱ्या आजीचा त्याहून जास्त आला. डोळे वाहायला लागले तसे त्याने ते चीवराच्या टोकाने पुसले.

आईनेही पदराने तोंड पुसलं. मग तिने हात पुन्हा जोडले आणि त्याने सांगायची वाट न बघता चौथं शील एकटीनेच, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हटलं.