न थांबण्याचा दंड

शिट्टी वाजली तेव्हा दहाला चौदा मिनिटं कमी होती. टॅक्सीवाल्याने ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दहाच्या ठोक्याला परीक्षा केंद्राचं फाटक बंद होणार होतं. मागच्या सीटवर त्याची लेक होती. पोलीस भरतीची लेखी परीक्षा, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. त्यात या म्हाताऱ्या टॅक्सीला एक खोड होती. एकदा बंद पडली की धक्क्याशिवाय ढिम्म हलत नसे. सकाळीही लेकीने दोन्ही हात लावून ढकलली, तेव्हा कुठे निघाली.

“दंड झाला तर भरेन,” तो म्हणाला.

“बाबा, पोलिसाने हात केल्यावर थांबलं नाही तर दंडावर भागत नाही. लायसन्स अडकतं. मग खायचं काय?”

सहा महिने कायदा घोकून घोकून तिच्या जिभेवर बसला होता. त्याने चरफडत गाडी कडेला घेतली, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. गाडी नखशिखान्त थरथरत होती.

रस्त्यापलीकडून हवालदार ओरडत होता. वाहनांच्या गोंगाटात एवढंच ऐकू आलं, “इंजिन बंद करा!”

“पाया पडतो, पण बंद करणार नाही.”

“बाबा, सूचना न पाळणं हाही गुन्हाच आहे.”

“तू अजून भरती व्हायचीस!”

तिने मागून वाकून किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. टॅक्सीवाल्याने कपाळाला हात लावला. तिलाही रडू फुटलं. आपल्याच हाताने आपण घात केला, असं तिला वाटलं.

हवालदार धापा टाकत आला. त्याने लायसन्स मागितलं नाही. टाचा उंचावून त्याने टपावरच्या कॅरिअरमध्ये हात घातला आणि एक हिरवी फाइल खाली काढली. वरच्या हॉलतिकिटावर लेकीचा फोटो होता.

“गाडी हादरत होती तशी ही घसरत होती. अजून एक खड्डा लागला असता तर गेलीच होती.”

लेकीचा हात तोंडावर गेला. सकाळी धक्का मारायला दोन्ही हात हवे होते, म्हणून तिनेच ती वर ठेवली होती.

“साहेब, आता ही धक्क्याशिवाय निघायची नाही,” टॅक्सीवाला कसाबसा म्हणाला.

हवालदार गाडीच्या मागे गेला. त्याने बाह्या सरसावल्या.

“दुसरा गिअर टाका, धक्का मी मारतो. आणि बाळा, फाइल आता मांडीवर धर.”