निवडणुकीचे खांब

निवडणूक जवळ आली की घानातल्या आसुआनो गावाबाहेर विजेचे खांब येऊन पडत आणि मतमोजणी आटोपली की आल्या वाटेने परत जात. ओढ्यावर पूल नव्हता, त्यामुळे ट्रकवाला ते पलीकडेच टाकून पळायचा.

यंदाही खांब पडले. जेवणासाठी उकडलेल्या कंदांचं फुफू कांडता कांडता आफुआ सेर्वाचं मुसळ थांबलं.

"मागल्या खेपेला हेच खांब बघून मी फ्रिज घेतला. आता त्यात लुगडी ठेवते! अरे, मतं पकडायचा गळ आहे हा."

"मावशी, तुझा तर देवावरही संशय," ओफोरी सुतार हसला. "या वेळी तारासुद्धा देतो म्हणालेत."

"म्हणायला काय जातंय मेल्यांचं? ते खांब न्यायला यायच्या आत तू हत्यारं काढ."

गाव तिच्या शब्दाबाहेर नव्हतं. रेडिओवर मतमोजणी ऐकत ऐकत सगळ्यांनी मिळून खांब ओढ्यावर आडवे टाकले आणि ओफोरीने वर फळ्या ठोकल्या.

आठवड्याभराने एक ट्रक खडखडत थेट गावच्या चौकात आला. इथवर पोचलेली ती पहिलीच सरकारी गाडी. आफुआ कमरेवर हात ठेवून ट्रकला आडवी आली.

"खांब न्यायला आलास ना? मिळायचे नाहीत!"

"न्यायला कशाला, मावशी?" ड्रायव्हरने ताडपत्री बाजूला केली. मागे तारांची भलीमोठी भेंडोळी होती. "तारा ओढायला आलोय. खांब कुठं ठेवलेत, तेवढं दाखवा."

 

आफुआने ओढ्याकडे पाहिलं. "त्यांच्यावरूनच तर आलास, बाबा."