डॅशबोर्डवरची चूल

आष्टीजवळच्या गावातलं घर बंद करून कुंदन आईला कायमचं सिंदी मेघेच्या फ्लॅटवर घेऊन निघाला. पहाटेच्या धुक्यात गाडी सुरू करताच स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागला. खाली गोल, वर उघडा, मधे उभी रेघ. आई वाकून बघत राहिली.

"चूल पेटली का रे थे?"

"नाई माय. थंडीनं टायरातली हवा जराशी उतरली. पंपावर भरली का दिवा जाते."

"मंग भरू नको."

घरची चूल तिनं निघताना पाणी शिंपडून विझवली होती. आता दोन्ही तळवे तिनं त्या दिव्यापुढे धरले. धुक्यात रस्ता तरंगत होता. पेट्रोलपंप आला आणि मागे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदन उठला तर आई अंथरुणात नव्हती. खाली पार्किंगमध्ये ती शाल गुंडाळून गाडीच्या दाराशी उभी होती.

"घरात लय थंडी आहे," ती म्हणाली.

त्यानं दार उघडून तिला बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. गाडी सुरू केली नाही, फक्त चावी फिरवली. दिवा लागला.

मग त्यानंही हात पुढे केले.