एस्तेरच्या नावाचा खोका

सिंधूताईंनी खोका तळहातावर घेतला, क्षणभर तोलला आणि चष्म्यावरून प्रेमलताकडे पाहिलं.

"लई हलका आहे वं. काय आहे आत?"

"रिबिनी." तोंडात जे पहिलं आलं, ते प्रेमलता बोलून गेली.

"कोणत्या रंगाच्या?"

"लाल."

"बरं." सिंधूताईंनी चिठ्ठीवर तिच्या लेकीचं, एस्तेरचं नाव लिहिलं, ती खोक्याला चिकटवली आणि खोका मागच्या ढिगावर ठेवून दिला.

प्रेमलता चर्चच्या पायऱ्या भराभर उतरली. सिंधूताई म्हणजे मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स राहिलेली बाई. तिच्या नजरेतून काय सुटणार? खोका रिकामा होता.

आनंदराव कामाला होता त्या हिंगण्याच्या कारखान्याला टाळं लागून तीन महिने झाले होते. नाताळाआधी तो उघडणार, असं आनंदराव रोज सांगायचा. नवऱ्याच्या त्या भरवशावर तिने बर्डीच्या बाजारातून चमचमता कागदही आणून ठेवला होता. कारखाना उघडला नाही. बक्षिसं चर्चमध्ये नेऊन द्यायची मुदत मात्र आज दुपारी संपत होती.

पूर्वी बरं होतं. नाताळच्या झाडाखाली प्रत्येक लेकराला चर्चकडून एक संत्रं आणि एक मुरमुऱ्याचा लाडू मिळायचा. सगळ्यांना सारखं. आता ज्याने त्याने आपल्या लेकराचं बक्षीस विकत आणून द्यायचं आणि नाताळबाबाने नाव पुकारून ते वाटायचं. दुकानांत त्यासाठी डिसेंबर लागताच खास खोके झळकू लागले होते. बायका एकमेकींच्या खोक्यांचा आकार डोळ्यांनीच मापत. लेकरांना बिचाऱ्यांना वाटे, हे सगळं नाताळबाबाच आणतो. मग त्याने एस्तेरचं नाव घेतलंच नाही, तर सहा वर्षांच्या पोरीने त्याचा अर्थ काय लावायचा?

नाव तेवढं पुकारलं जावं. खोका घरी जाऊन उघडू म्हणायचं. आणि घरी गेल्यावर... त्यापुढचं प्रेमलताला काही सुचलं नव्हतं.

नाताळच्या संध्याकाळी कापसाची दाढी सावरत नाताळबाबाने पुकारलं, "एस्तेर आनंदराव!" एस्तेर धावत गेली आणि खोका छातीशी धरून परत आली.

"घरी उघडायचा हं, बेटा."

"हो, आई."

पण शेजारची पोर कुठली गप्प बसायला! "दाखव ना वं! काहून लपवून राहिली? रिकामा आहे काय?"

एस्तेरने फर्रकन कागद फाडला. प्रेमलताने डोळे मिटून घेतले.

"आई! लाल!"

खोक्यात दोन रिबिनी होत्या. सॅटिनच्या, लालभडक, नीट गुंडाळून ठेवलेल्या.

प्रेमलता तशीच गप्प घरी गेली असती, तरी कुणी काही विचारलं नसतं. लेक खुशीत होती, अब्रू झाकली गेली होती. पण तिला जाववेना. सिंधूताई झाडामागे खाली बसून फाटलेले कागद गोळा करत होत्या. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ताई, मी तुमच्यासंग खोटं बोलली. खोका रिकामा होता."

"माहीत आहे मले." सिंधूताईंनी एका कागदाची घडी घातली. "दहा होते तसे."

"दहा?"

प्रेमलताने वळून पाहिलं. सगळीकडे हसू, सगळीकडे चमचमते कागद. आपल्यासारख्या त्या नऊजणी कोणत्या, ते तिला ओळखता येईना.

"जिनं जे सांगितलं, ते आणून भरलं. एकीनं तं चावीची आगगाडी सांगितली! आता खोटंच बोलायचं, तं जरा स्वस्तातलं बोलावं का नाही? सारी बर्डी पालथी घालायले लावली मले."

प्रेमलताला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं.

"बाकीच्या गेल्या माझी नजर चुकवून," सिंधूताई हळूच म्हणाल्या. "जाऊ दे. लाज लई जड असते, वं. सांगायले तू एकटीच आली."

"तुमचे उपकार कसे फेडू, ताई?"

"फेडू नको. बस अशी." सिंधूताईंनी बाजूची सतरंजी हाताने झटकली. "पुढल्या नाताळाले खोके घ्यायले तूच बसशील माझ्या बाजूले. मले हातात घेऊन तोलून पाहावं लागते. तुले दारातूनच समजून जाईल, कोणाचा रिकामा आहे."